विरजणाचा पिंजरा

कर्जत, आश्विन वद्य नवमी, शके १८३१

तीर्थस्वरूप नानांच्या चरणी अप्पाचा साष्टांग नमस्कार. (तो मनाने घातला आहे असं समजावं. देहाने सध्या मला पाटावरूनही उठवत नाही. कमरेत उसण भरली आहे आणि तिचं कारण चंद्राबाईंची म्हैस आहे, ते पुढे ओघात येईलच.) इकडे सगळं ठीक. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना जास्त दुखतो की उतरताना, हे तुम्ही मागच्या पत्रात सविस्तर लिहिलं होतं, पण माझ्या हातून शाई सांडली ती नेमकी गुडघ्यावरच. सुनीतीवहिनींचा खोकला गेला असेल अशी आशा आहे. गेला नसेल तर कळवा, अडुळसा इकडे मागाल तेवढा आहे. सौ. अनसूया दसऱ्याच्या सकाळच्या गाडीने तुमच्याकडे आली, ती सुखरूप पोचली असेलच. पोचल्याचं पत्र अजून आलेलं नाही, पण बोरघाट उतरून यायचं म्हणजे टपालालाही वेळ लागतो हे मी समजू शकतो. (चौदा दिवस म्हणजे जरा जास्त होतात, पण असो.) तिला माहेरची ओढ अनावर झाली, दुसरं काही नाही. तिने तुम्हाला दुसरं काही सांगितलं असेल, तर आधी हे पत्र शेवटपर्यंत वाचा आणि मगच माझ्याविषयी मत बनवा.

आता बातमी. नाना, आमची प्रयोगशाळा राहिली! बंद होणार होती, कपाटं मुंबईला जाणार होती, आणि ती राहिली! तुम्ही तिला "डासांची धर्मशाळा" म्हणता हे मला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी तुमच्या घरी पंगतीत बसलो असताना तुम्ही शेजारच्या वकिलांना "हे आमचे मेहुणे, हे कर्जतला डासांची दप्तरं लिहितात" अशी माझी ओळख करून दिलीत, आणि वकील जेवण होईपर्यंत माझ्याकडे पाहून हसत होते, तेही मी विसरलेलो नाही. पण गेल्या पंधरवड्यात इथे जे घडलं ते वाचून तुम्हीसुद्धा पगडी काढून ठेवाल. मी तर अजून जमिनीवर नाही. (कंबर आहे.)

तुम्हाला मुळापासून सांगतो, कारण आमच्या प्रयोगशाळेचा दहा वर्षांचा इतिहास लिहिण्याचं काम माझ्याकडेच आलं होतं आणि तो मला आता झोपेतही म्हणता येतो. पावसाळा सरला की कर्जत-खालापुरात घरटी एक तरी माणूस हिवतापाने गोधडीखाली कुडकुडत असतो, हे तुम्ही लग्नाच्या वेळी स्वतः पाहिलं आहे. (तुमच्या बाजूचे आचारीच तापाने पडले होते आणि जिलब्या मी तळल्या होत्या. त्याचा उल्लेख तुमच्याकडे कुणी करत नाही.) हा ताप डासांमुळे येतो असं सिद्ध झाल्यावर वर्षभरातच आमचे ॲशबीसाहेब दोन पेट्या, एक सूक्ष्मदर्शक यंत्र आणि एक पत्र्याचा न्हाणीचा टब घेऊन इथे उतरले, आणि स्टेशनापलीकडच्या गवताच्या रिकाम्या वखारीत त्यांनी प्रयोगशाळा थाटली. टबात पहिल्याच आठवड्यात डासांच्या अळ्या सोडल्या, त्यामुळे साहेब गेली दहा वर्षं आमच्यासारखे घंगाळात पाणी घेऊन तांब्याने आंघोळ करतात. साहेब रोज सकाळी शर्टाची बाही वर करून हात डासांच्या पिंजऱ्यात घालून बसत आणि दुसऱ्या हाताने वर्तमानपत्र वाचत. गावात आधी वाटलं की साहेबाने काहीतरी नवस बोललेला आहे. मग गावकऱ्यांना त्याची दया आली, आणि बायका त्याच्यासाठी ताक पाठवू लागल्या.

साहेबांच्या खालोखाल आमचा भिवाजी. चौक गावचा शेतकरी माणूस, स्वतः सात वेळा तापाने पडलेला, आणि डास पकडण्यात त्याचा हात धरणारा कुलाबा जिल्ह्यात कुणी नाही. तापाचा डास कुठला आणि नुसता चावरा कुठला, हे ओळखायला साहेब भिंग लावून पंखांवरचे ठिपके मोजत बसले होते. भिवाजीने भिंतीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "सायेब, ठिपकं कशाला मोजताय? जो बूड वर करून बसतो, तो तापाचा. बाकीचं सरळ बसत्यात." साहेबांनी तीन दिवस पडताळून पाहिलं आणि मग भिवाजीला खुर्चीवर बसवून हात मिळवला. भिवाजीने तो हात त्या दिवशी जेवतानाच धुतला, तोही नाइलाजाने. तिसरी मंगळी. ती झाडलोट करते, पाणी भरते, आणि काचेच्या नळ्या धुते. दहा वर्षांत तिच्या हातून एकही नळी फुटलेली नाही. (माझ्या हातून एकतीस. पण मी लेखनाचा माणूस.) आणि चौथा मी, दप्तराचा मुख्य. दप्तरात दुसरं कुणी नसल्यामुळे मुख्य.

आता शास्त्राचा एक मुद्दा ध्यानात घ्या, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. तापकऱ्याचं रक्त प्यायलेल्या डासाच्या पोटात तापाचं बीज पिकायला बारा-चौदा दिवस लागतात. ते कसं पिकतं हे पाहायचं, तर डास तेवढे दिवस जगला पाहिजे. आणि पिंजऱ्यातला डास तिसऱ्या दिवशी मरतो! पहिली चार वर्षं आमची प्रयोगशाळा म्हणजे डासांचं स्मशान होतं. साहेब वाळत चालले. मग पाचव्या वर्षी प्रयोगशाळेला एक घरगुती युक्ती सापडली. पिंजऱ्यावर ओलं फडकं टाकायचं, पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे म्हणजे मुंग्या चढत नाहीत, आणि आत भिजवलेल्या मनुका ठेवायच्या. डास एकदम वीस-वीस, पंचवीस-पंचवीस दिवस, काही तर महिन्याच्याही वर जगू लागले! मुंबईलाही हे कुणाला जमलेलं नव्हतं. (ही युक्ती नेमकी कशी सापडली, तो तपशील इतिहासात घेतलेला नाही. जागा नव्हती.)

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना भाद्रपदात मुंबईहून पत्र आलं. एक मोठे साहेब खंडेनवमीच्या दिवशी पाहणीला येणार, दहा वर्षांत काय केलं ते त्यांना दाखवायचं, आणि वीस दिवसांचे जिवंत डास खरोखर असतील तर ते डोळ्यांनी पाहणार. असले तर प्रयोगशाळा राहणार, नसले तर नव्या इंग्रजी वर्षाला कुलूप. ॲशबीसाहेबांनी पत्र वाचून दाखवलं आणि खिडकीबाहेर पाहत उभे राहिले. नाना, चाळिसाव्या वर्षी मी आता दुसरं काय करणार? मला दुसरं काय येतं? डास किती, कुठले, कधी मेले, हे लिहिण्याखेरीज मी दहा वर्षांत काही केलेलं नाही, आणि ते मला मनापासून आवडतं. हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगतो आहे.

साहेब म्हणाले, अप्पा, तुम्ही आपल्या प्रयोगशाळेचा इतिहास लिहा, इथल्या सगळ्या माणसांचा, तो आपण मोठ्या साहेबांपुढे वाचू. मग काय विचारता! मी बारा पानं लिहिली. सगळं घेतलं. ॲशबीसाहेबांचं नाव एकेचाळीस वेळा आलं, भिवाजीचं नऊ वेळा, मंगळीचं तीन वेळा, पत्र्याच्या टबाचं सहा वेळा. साहेबांना खालापूरच्या तळ्यावर अळ्या आणायला नेणाऱ्या टांग्याच्या घोड्याचंही नाव दोनदा घातलं, कारण टांगेवाला तीन दिवस दारात बसून होता. चंद्राबाईंनी निरोप पाठवला की तापाचे पहिले डास त्यांच्या गोठ्यात सापडले होते, तेव्हा त्यांचं नाव नसेल तर पुन्हा गोठ्यात पाऊल ठेवायचं नाही. त्यांना पाचव्या पानावर बसवलं. अष्टमीच्या संध्याकाळी मी सगळा इतिहास अनसूयेला वाचून दाखवला. तिने अगदी शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाली, "झालं?" मी म्हटलं, "झालं." ती म्हणाली, "घोडासुद्धा छान लिहिलाय," आणि दुधाला विरजण लावायला उठून गेली. तिचा अभिप्राय मला फार समाधानकारक वाटला.

नवमी उजाडली. खंडेनवमी म्हणजे हत्यारांच्या पूजेचा दिवस. सुतार करवत पुजतो, शेतकरी नांगर पुजतो, तर प्रयोगशाळेने आपली हत्यारं का पुजू नयेत? ही कल्पना माझी. (ती माझी नव्हे असं म्हणायला मला आवडलं असतं.) ॲशबीसाहेबांनी आनंदाने होकार दिला आणि ते बंगलीत दाढी करायला गेले. आम्ही मोठं टेबल धुतलं, त्यावर सूक्ष्मदर्शक मांडलं, त्याला झेंडूची माळ घातली, नळ्या, चिमटे, डास धरायची जाळी, माझी दौत-लेखणी ओळीने ठेवली. भिवाजीने सूक्ष्मदर्शकाला गंध लावलं. देवाला कपाळावर लावतात, यंत्राला कपाळ कुठलं, म्हणून त्याने ते वरच्या भिंगावर लावलं. मग मी म्हटलं की आपलं खरं हत्यार म्हणजे डास! त्यांना पूजेबाहेर कसं ठेवायचं? आणि मोठ्या साहेबांसाठी राखलेला, वीस-बावीस दिवसांच्या दोनशे डासांचा मोठा पिंजरा मी स्वतःच्या हातांनी उचलून टेबलाच्या मधोमध ठेवला.

भिवाजीने चौकहून खास ऊद आणला होता, गुग्गुळ आणला होता, आणि घरून निघताना त्याच्या आईने मंगल दिवस म्हणून कडुनिंबाचा पालाही दिला होता. ते सगळं त्याने धुपाटण्यात भरभरून घातलं. वाऱ्याने निरांजन विझत होतं म्हणून मी दारं-खिडक्या लावून घेतल्या. आरती सुरू केली. गणपतीची झाली, देवीची झाली, मग मला उत्साह आला आणि आणखी तीन घेतल्या. मधेच मंगळी खोकत म्हणाली, "अप्पा, धूर लई झाला, दार उघडू का?" मी तिला हातानेच गप्प बसवलं. आरती चालू असताना दार उघडायची पद्धत आमच्याकडे नाही. मंत्रपुष्पांजली झाली, डोळे पुसत दार उघडलं, धूर बाहेर गेला, आणि भिवाजी पिंजऱ्यात डोकावून हलकेच म्हणाला, "अप्पा, समदे झोपले."

मी म्हटलं, "दिवसा झोपतातच ते."

"मंग उताने का झोपल्यात?"

नाना, दोनशेच्या दोनशे! एकाचाही पाय हलेना. दहा वर्षं डासांवर संशोधन करणाऱ्या, पाच जिल्ह्यांत नाव असलेल्या आमच्या प्रयोगशाळेत, धुराने डास मरतात ही गोष्ट कुणाच्याही लक्षात आली नव्हती. जी गोष्ट कर्जतमधली प्रत्येक म्हातारी रोज तिन्हीसांजेला करते! साहेब आले, पिंजऱ्याकडे पाहिलं, धुपाटण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग यंत्राला डोळा लावला, तो त्यांना भिंगात नुसतंच लाल दिसलं. ते पत्र्याच्या टबाच्या काठावर बसले आणि त्यांच्या स्वच्छ मराठीत म्हणाले, "अप्पा, आज आपण मोठा शोध लावला." त्यांनी मला एक शब्द लागेल असा म्हटला नाही. म्हटला असता तर बरं वाटलं असतं.

नऊ वाजले होते. मोठ्या साहेबांची गाडी साडेअकराला. आम्ही नळ्या घेऊन धावत सुटलो. दिवसाचे डास अंधारात दडतात, म्हणजे गोठे आले. भिवाजीने चार गोठे धुंडाळले, मी चंद्राबाईंचा एकच धुंडाळला, पण मनापासून. कोपऱ्यात, गव्हाणीच्या वर, बूड वर करून बसलेला एक अस्सल डास मला दिसला. मी नळी पुढे केली, श्वास रोखला, आणि चंद्राबाईंच्या म्हशीला मागून माझं ते रूप आवडलं नसावं. तिने मला नुसतं ढकललं, शिंग लावलं नाही, तेवढा तिचा मोठेपणा. मी गव्हाणीत पडलो, नळी फुटली (बत्तिसावी), डास उडाला. सगळे मिळून अकरा डास जमले, त्यांतले नऊ सरळ बसणारे निघाले. राहिलेल्या दोघांचं वय कोण सांगणार?

अशा वेळी माणसाचं खरं पाणी दिसतं. मी वाकडा होऊन घरी गेलो (कंबर शेकायला नव्हे) आणि घरातून एक पिंजरा घेऊन आलो. असा एक राखीव पिंजरा घरच्या फडताळामागे असावा, ही दूरदृष्टी आमच्या प्रयोगशाळेच्या कारभारात होती. त्यात साठ-पासष्ट डास होते, ठणठणीत, सगळे बूड वर करून. पिंजऱ्याला एक दोरा बांधला होता आणि त्याला बावीस गाठी होत्या, दिवसाला एक. साहेबांनी गाठी मोजल्या आणि पुन्हा मोजल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं.

मोठे साहेब आले. उंच, किडकिडीत, हातात सारखं घड्याळ. मी इतिहास वाचू लागलो. मी एक पान वाचायचं आणि ॲशबीसाहेबांनी त्याचं इंग्रजी करायचं असं ठरलं होतं. माझं पहिलं पान चांगलं भरगच्च होतं, साहेबांनी त्याचं इंग्रजी चार शब्दांत केलं. चौथ्या पानाला मोठे साहेब पेंगले. घोड्याच्या जागी तर ते घोरलेच. पण पिंजरा पुढे आणला मात्र, आणि काय सांगू! ते टेबलावर ओणवे झाले, चष्मा काढला, घातला, दोऱ्याच्या गाठी बोटाने एकेक मोजल्या. मुंबईचे डास पाच दिवस टिकत नाहीत, असं ते तीनदा म्हणाले. मग त्यांनी काहीतरी विचारलं आणि ॲशबीसाहेबांनी माझ्याकडे वळून मराठीत सांगितलं, "अप्पा, साहेब विचारतात, यांना जगवतं कोण?" मी थोडक्यात योग्य ते उत्तर दिलं. मोठ्या साहेबांनी माझा हात हातात घेऊन असा हलवला की कमरेपर्यंत कळ गेली, पण ती कळ गोड होती. सगळ्या वखारीने टाळ्या वाजवल्या. अनसूया तेव्हा पोह्यांची परात घेऊन दारातच उभी होती, तिनेही सगळं ऐकलं. (तिला अभिमान वाटला असावा असं मला वाटलं. चेहरा काही वेगळा दिसत होता, पण परात जड होती.)

तर अशी आमची प्रयोगशाळा राहिली! एक किरकोळ अट आहे. कार्तिक संपायच्या आत मुंबईहून आणखी दोन साहेब येतील, त्यांना वीस दिवसांचे पन्नास जिवंत डास पुन्हा दाखवायचे, म्हणजे मग कायमचं शिक्कामोर्तब. इतिहास छापायलाही घेणार आहेत. तुम्हाला पहिली प्रत पाठवतो, ती त्या वकिलांना अवश्य दाखवा.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जपा. लोभ आहेच, तो या पत्राच्या शेवटापर्यंत टिकावा एवढीच इच्छा.

तुमचा
अप्पा

ता. क. सौ. अनसूयेला सहज, बोलता बोलता, विचारा की मनुका कोमट पाण्यात भिजवायच्या की गार. काळ्या की साध्या. मला ठाऊक आहे, पण खात्री केलेली बरी.

ता. क. २. त्याच ओघात हेही विचारा की फडकं दिवसातून किती वेळा ओलं करायचं आणि किती पिळायचं. माझं एकदा कमी पिळलं गेलं आणि तेरा जण बुडाले. साठाचे आता नऊ उरले आहेत. भिवाजी रोज नव्या अळ्या आणतो, त्या डास होतात, आणि तिसऱ्या दिवशी उताणे पडतात. कार्तिक संपायला सव्वा महिना आहे. नाना, मी घाबरलो आहे.

ता. क. ३. पाकीट डकवायला घेतलं होतं, पण तुम्ही हे पत्र तिच्यासमोर वाचणार आणि ती काही न बोलता ऐकणार, हे डोळ्यांपुढे आलं. म्हणून खरं लिहितो. ओलं फडकं, पाण्याच्या वाट्या, मनुका, सगळं तिचं. पाचव्या वर्षी मी एकदा मरतुकडे डास घरी आणले होते, ते तिने दुधाच्या भांड्यासारखे पाण्याच्या परातीत ठेवले आणि जगवले. तेव्हापासून प्रयोगशाळेचे डास आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत वाढतात आणि मी ते टांग्यातून मिरवत नेतो. राखीव पिंजरा माझी दूरदृष्टी नव्हे. दही कितीही चांगलं लागलं तरी सगळं वाढून टाकायचं नसतं, चमचाभर विरजणाला ठेवायचं, तसे ती प्रत्येक खेपेचे थोडे डास बाजूला ठेवत होती. त्या दिवशी मी गव्हाणीतलं गवत अंगावर घेऊन घरी आलो तेव्हा तिने एक प्रश्न न विचारता पिंजरा माझ्या हातात दिला. तिच्या हातावर कोपरापर्यंत बारीक गांध्या असतात, त्याला मी पाच वर्षं पित्त समजून आमसुलाचं सार घ्यायला सांगत होतो. ते डास तिच्या हातावर पोसले आहेत. आणि त्यांना जगवतं कोण असं विचारल्यावर, ती दहा पावलांवर उभी असताना, मी "मी" म्हणालो.

ता. क. ४. आत्ताच कंबर धरून, वाकत वाकत जाऊन ॲशबीसाहेबांना सगळं सांगून आलो. ते म्हणाले, "मला ठाऊक होतं, अप्पा. मी तुमच्या तोंडून ऐकण्यासाठीच तो प्रश्न मराठीत विचारला." मोठ्या साहेबांना खरं काय ते आजच्याच टपालाने गेलं आहे. इतिहासाचं पहिलं पान मी फाडलं आणि नव्याने लिहिलं. त्याची पहिली ओळ अशी: "या प्रयोगशाळेतले डास सौ. अनसूयाबाईंनी जगवले, म्हणून पुढील इतिहास घडला." घोडा काढून टाकला आहे. टांगेवाला बोलत नाही. तेव्हा माझी विनंती, खरी विनंती, ही की तिला दिवाळीच्या पाडव्यापर्यंत घेऊन या. तुम्हीही या, भाऊबीज इथेच करू. तिचा पाय निघत नसेल तर म्हणावं प्रयोगशाळेसाठी ये, नऊ डास तुझी वाट पाहताहेत.

ता. क. ५. पाकीट डकवलं होतं, फोडून लिहितो आहे. मंगळी झाडायला आली आणि म्हणाली, "अप्पा, किती राहिले?" मी म्हटलं, नऊ. ती केरसुणी ठेवून गेली आणि तिच्या खोपटातून ओल्या फडक्याखाली झाकलेला एक पिंजरा घेऊन आली. आत ऐंशीच्या वर डास, आणि दोऱ्याला पंधरा गाठी. शेवटच्या चौदा मंगळीने मारलेल्या, पहिली अनसूयेची, तिची गाठ मी ओळखतो. "बाईंनी गाडीला जाताना दिला हाय. म्हनल्या, अप्पांच्या हातात नगं, मारून टाकतील." मंगळीच्या हातावरही गांध्या आहेत. मी ओरडलो, मग चौदा दिवस सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "तुमी कुटं पुसलं?"

म्हणजे नाना, मनुका कोमट पाण्यात की गार, हे मला आता कळलं नाही तरी चालेल, मंगळीला सगळं येतं. माझ्यावर एवढी रागावलेली असतानासुद्धा ती विरजण ठेवून गेली होती. प्रयोगशाळेसाठी ये असं मी वर लिहिलं आहे, ते खोडा. प्रयोगशाळेचं आता काही अडलेलं नाही, सगळं उत्तम आहे, साहेब आज शीळ घालताहेत. तिला फक्त एवढं सांगा, की डास मजेत आहेत, बोलावणं माझं आहे.